भिंगरीच्या दाढेतले दिवस

दात कापणं हा माझा धंदा आहे. काढणं नव्हे, कापणं. काढायला आमच्या दंत महाविद्यालयाच्या तळमजल्यावर वीस-पंचवीस डॉक्टर बसलेले असतात आणि त्यांचं सगळीकडे कौतुक होतं. त्यांनी काढलेला दात तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे येतो. मी त्याची केसाएवढी पातळ चकती करून काचेच्या स्लाइडवर चिकटवते, आणि मग विद्यार्थी ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवून जांभया देतात. एकतीस वर्षं झाली या कामाला. माझ्या नाकावर राग असतो असं विभागात बोललं जातं, आणि ते खोटं नाही. चार दिवस खपून घासलेली स्लाइड कोणी बोटाचे ठसे उमटवून परत दिली, की मी जे काही बोलते ते ऐकायला शेजारच्या खोलीची दारं उघडतात.

अशा बाईला कामाला लावायचं तर समोरचं माणूसही तसंच खमकं लागतं. ते माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी साडेदहा वर्षांपासून वाढतंय. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती खुर्चीवर बसली तरी खुर्ची हलत असते. धाकटीने तिला सहा-सात महिन्यांची असताना शिशुगृहातून घरी आणलं. ही गोष्ट तिच्यापासून कधी लपवली नाही. उलट ती ज्या दिवशी घरी आली, तो तीन ऑक्टोबर आमच्याकडे वाढदिवसापेक्षा जोरात साजरा होतो. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख पंचवीस मार्च आहे. त्या दिवशीही केक असतो, पण छोटा.

यंदा मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी मी धाकटीच्या दुकानात गेले होते. ती शिवणकाम करते. दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि खुंट्यांवर लोकांच्या बाह्या नसलेल्या शर्टांची रांग, एवढंच दुकान. भिंगरी मोजपट्टी शोधायला खणात शिरली आणि कागद घेऊन बाहेर आली. शिशुगृहाच्या नोंदवहीची ती नक्कल होती. तिने ती माझ्या नाकासमोर धरली.

"मावशी, इथे माझ्या जन्मतारखेपुढे कंसात 'अंदाजे' लिहिलंय."

"मग?"

"अंदाजे म्हणजे नक्की माहीत नाही ना? कोणाला माहीत नाही?"

"कोणालाच नाही," मी म्हणाले. मला गोड बोलता येत नाही.

तिने तो कागद परत वाचला. "वर्गात सगळ्यांना जन्मतारीख आहे. मला कंस आहे."

रडली वगैरे नाही. पण भिंगरी उभी राहिली होती आणि हलत नव्हती, ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. मी कागद हातात घेतला. पंचवीस एप्रिलला बाळ शिशुगृहात आलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'महिन्याचं असावं' असं म्हटलं, आणि कारकुनाने आल्या तारखेतून एक महिना वजा करून पंचवीस मार्च लिहून टाकलं. त्याखाली आणखी एक नोंद होती. पाच जुलैला बाळाला कडक ताप भरला, सहा दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. मग तीन ऑक्टोबर, आणि धाकटीची सही.

ती तापाची नोंद वाचली आणि माझी जीभ माझ्या आधी बोलून गेली. "हे दातातून काढता येईल."

मशीन थांबलं. धाकटीने मान वर केली नाही, पण सुई अर्ध्या टाक्यात अडकली होती. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. तोवर भिंगरी कापायच्या टेबलावर चढून बसली होती आणि म्हणत होती, सांग, सांग, सांग.

मग सांगितलं. दात हिरडीच्या आत तयार होत असतो, तेव्हा त्याच्यावरचं इनॅमल करणाऱ्या पेशी असतात. अमेलोब्लास्ट म्हणतात त्यांना. सुरुवातीला बुटक्या, चौकोनी, काही कामाच्या वाटतच नाहीत. मग शेजारच्या पेशी दाताच्या आतल्या भागाचा पहिला थर घालतात, आणि तो थर पडला की या जाग्या होतात. उंच होतात, आपलं सगळं सामान एका टोकाला नेतात, दुसऱ्या टोकाला चोचीसारखं निमुळतं तोंड काढतात आणि त्यातून इनॅमलचा ओला माल सोडायला लागतात.

"आणि सोडत सोडत मागे सरकतात," मी म्हणाले. "फरशी पुसताना तू कशी सरकतेस?"

"मी पुसतच नाही."

"आई कशी पुसते?"

"मागे मागे. ओल्यावर पाय पडू नये म्हणून."

"तश्शाच. एका दिवसात सरकायचं ते किती, तर मिलिमीटरचे तीनशे भाग केले तर त्यातला एक. रोज तेवढंच. आणि रोजच्या कामाची एक बारीक रेघ मागे राहते. काल कुठे थांबलो, आज कुठे थांबलो. मायक्रोस्कोपखाली त्या मोजता येतात."

"आणि ताप?"

"ताप आला की त्यांचाही हात अडखळतो. त्या दिवसाची रेघ गडद पडते. पण सगळ्यांत पहिली गडद रेघ जन्माची. पोटातून बाहेर आलं की खाणं बदलतं, श्वास बदलतो, सगळंच बदलतं, आणि या बिचाऱ्यांचं त्या दिवशी कामात लक्ष लागत नाही असा प्रकार होतो. तापाची तारीख आपल्याकडे लिहिलेली आहे. तापाच्या रेघेपासून जन्माच्या रेघेपर्यंत उलटे दिवस मोजायचे. झालं."

भिंगरीने तोंडात बोट घालून सगळे दात चाचपले. "कुठला देऊ?"

तिथेच घोडं अडत होतं. समोरचे दुधाचे दात धाकटीने जपून ठेवले होते, पण ते उपयोगाचे नव्हते. त्यांचं इनॅमल जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. ताप येईपर्यंत त्या पेशींचं काम संपून गेलेलं. मागची दाढ हवी होती, तिच्यावर त्या जवळजवळ वर्षभर राबत असतात. अशा चार दुधाच्या दाढा. एक भिंगरीने टोस्टबरोबर गिळली होती, एक बेसिनमध्ये गेली होती, एकीत डॉक्टरांनी चांदी भरली होती आणि भरायच्या आधी नेमका तोच भाग कोरून काढला होता. चौथी खालच्या बाजूला हलत होती.

"एकच आहे," मी म्हणाले. "आणि कापताना बिघडली तर दुसरी मिळणार नाही. या पेशी दात बाहेर येताना मरून जातात. परत इनॅमल कोणी करत नाही."

"मग तू बिघडवू नकोस," भिंगरी म्हणाली.

ती बाहेर खेळायला गेल्यावर धाकटीने मशीनवरून पाय काढला. लहानपणापासून ती माझ्याशी भांडली आहे ती कमी आवाजात, आणि मी नेहमी मोठ्या आवाजात हरले आहे.

"तुला कोणी विचारलं होतं का ताई?"

"तिला हवीय तारीख."

"तिला हवीय, कबूल. मिळू दे. पण ती तारीख मिळाली की त्या दिवशी सकाळी उठल्यावर तिला कोण आठवेल? मी नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हतेच." तिने अडकलेला धागा दाताने तोडला. "तीन ऑक्टोबरला मी होते. तो एकच दिवस माझा आहे, आणि तो आता घरी आल्याचा दिवस म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसेल."

मी चहा केला, तोही कडू झाला.

पुढचे तीन आठवडे भिंगरीने जिभेने त्या दाढेचा पिच्छा पुरवला. रोज फोन. आज इकडून हलते, आज गोल फिरते. मी तिला कडक काही चावायचं नाही अशी ताकीद दिली होती, आणि दाढ पडली की थेट पाण्यात. शेवटी ती गणिताच्या तासाला पडली. बाईंनी ती तिला कागदात गुंडाळून दिली, भिंगरीने बाटलीच्या झाकणात पाणी घालून घरी नेली आणि नीट ठेवायला आईकडे दिली. हे सगळं मला नंतर कळलं. कारण त्या दिवशी भिंगरीचा फोन आला, दाढ मात्र आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलंही नाही. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड जातं ते माझं मलाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी धाकटी स्वतः तीन जिने चढून आमच्या प्रयोगशाळेत आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिने इकडे तिकडे पाहिलं. खिडकीखालचं लांब टेबल, पाणी ठिबकणारं कापायचं यंत्र, बरण्यांत पडलेले शेकडो दात. मग पर्समधून तिने बटणांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"दोन दिवस माझ्याकडेच होती."

"का?"

"विचार करत होते, हरवली म्हणून सांगावं का." ती स्टुलावर बसली. "मग काल ती म्हणाली, आई, तुझ्याकडे दिलीय म्हणजे ती हरवणार नाही. आता मी काय करणार."

मी डबा उघडला. शर्टाच्या पांढऱ्या बटणांमध्ये एक बाटलीचं झाकण, त्यात दाढ. दाढ सुरेख होती. चावायच्या बाजूची टेकाडं झिजलेली, पण फार नाहीत.

आमच्या विभागाच्या प्रमुख प्रोफेसरबाईंना मी सगळं सांगितलं. या बाईंच्या तोंडून 'कदाचित' शिवाय वाक्य निघत नाही. जेवलात का विचारलं तर कदाचित जेवले म्हणतील. पण दाताच्या रेघा मोजण्यात त्यांच्याइतका पक्का डोळा मी पाहिलेला नाही. त्यांनी दाढ भिंगातून पाहिली आणि म्हणाल्या, "कदाचित दोन चकत्या निघतील. टेकाडाच्या बरोबर टोकातून कापलीत तर. जरा तिरकी गेली तर रेघा मोजण्यालायक राहणार नाहीत."

मला हे सांगायची गरज नव्हती. पण मी काही बोलले नाही, हे विभागातल्या लोकांनी नंतर बराच काळ चघळलं.

दाढ रेझिनच्या चिकट द्रवात बसवली, ते कडक होऊ दिलं. मग यंत्राला लावली. हिऱ्याची कड असलेलं त्याचं पातळ गोल पातं सावकाश फिरतं आणि वरून पाणी पडत राहतं. अर्धा तास मी तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत बसले. दोन काप निघाले. पहिला मी काचेवर चिकटवला, ओल्या पावडरीवर बोटाने गोल गोल घासायला घेतला, आणि तिसऱ्या मिनिटाला बोटाखाली टिक असा आवाज आला. नेमकी टेकाडावर चीर. तुकडा निसटून पावडरीत मिसळून गेला. एकतीस वर्षांत असे किती गेले असतील, पण या वेळी मी काम तिथेच थांबवलं. मी हात धुतले, खाली जाऊन मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले.

दुसरा काप मी तीन दिवस घासला. दर पाच मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली बघायचं, पुन्हा पाच मिनिटं घासायचं. कमी घासलं तर रेघा धूसर, जास्त घासलं तर दाढच नाही. या तीन दिवसांत मी त्या दाढेशी बोलले, हे मी कोणाजवळही कबूल करणार नाही.

शनिवारी दुपारी महाविद्यालय रिकामं झाल्यावर मी दोघींना बोलावलं. प्रोफेसरबाई थांबल्या होत्या. मायक्रोस्कोप पडद्याला जोडला, दिवा लावला, आणि भिंगरीची दाढ भिंतभर पसरली. मधाच्या रंगाच्या बारीक दांड्या एकमेकींना चिकटून उभ्या, आणि प्रत्येक दांडीवर आडव्या रेघा. भिंगरी पडद्याजवळ जाऊन नाक लावून उभी राहिली.

"एक दांडी म्हणजे जवळपास एका पेशीची वाट," मी म्हणाले. "तिने मागे सरकत सरकत केलेलं काम."

"आणि ही गडद?"

"ही तुझ्या जन्माची. आतल्या बाजूचं सगळं पोटात असतानाचं. बाहेरचं बाहेर आल्यावरचं."

भिंगरीने बोटाने ती रेघ दाखवली, पण टेकवलं नाही. मग बाहेरच्या बाजूला सरकत गेली आणि दुसरी गडद रेघ तिनेच शोधली. "हा ताप."

"हा ताप," मी आणि प्रोफेसरबाई एकदमच म्हणालो.

मोजायची आमची एक पद्धत आहे. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, आकडा कागदावर लिहून कागद उलटा ठेवायचा, एकमेकींचं तोंडही बघायचं नाही. प्रत्येकीने दोनदा मोजलं. त्यात तासभर गेला, आणि त्या तासात भिंगरीने खोलीतली सगळी फिरणारी स्टुलं फिरवून पाहिली. कागद उलटले. माझे सत्तावन्न आणि अठ्ठावन्न, त्यांचे दोन्ही वेळा अठ्ठावन्न. आमच्या धंद्यात असं जमलं की त्या दिवशी माणूस कोणाशीही भांडत नाही. मी पाच जुलैतून अठ्ठावन्न दिवस वजा केले.

"आठ मे," मी जाहीर केलं.

"आठ मे," भिंगरी म्हणाली, आणि ती तारीख तिने चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिली. "प्रोफेसरबाई, माझा वाढदिवस आठ मे."

"कदाचित," त्या म्हणाल्या, पण हसल्या.

धाकटी कोपऱ्यात बसून बोटांवर काहीतरी करत होती. पँटची उंची मोजताना करते तसं, ओठ न हलवता. मग हळूच म्हणाली, "पण ताई, ती शिशुगृहात पंचवीस एप्रिललाच आली होती की."

मी वजाबाकीचा कागद पुन्हा पाहिला.

"म्हणजे," भिंगरी सावकाश म्हणाली, "मी जन्मायच्या आधीच तिथे पोचले होते?" तिला ही कल्पना फारच आवडलेली दिसली. "तेरा दिवस आधी. एकटी."

प्रोफेसरबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मला हसू येईना. चाळीस वेळा घासलेली दाढ, दोघींचा आकडा एक, आणि उत्तर असं की शेंबड्या पोरालाही पटू नये. मी पुन्हा मोजायला बसले. अठ्ठावन्न. रेघा खोटं बोलत नव्हत्या, मग गाढव कोण होतं ते उघड होतं.

धाकटी उठून पडद्यापाशी आली. तिने ती दुसरी रेघ बराच वेळ पाहिली. शिवणाऱ्या माणसाला कापडातला एक सैल धागा दिसतो, तसं तिचं बघणं असतं.

"ही तापाचीच आहे असं कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"गडद रेघ म्हणजे..." मी सुरुवात केली आणि थांबले. गडद रेघ दिसली की आम्ही दोघी ताप म्हणतो. आजारी मुलांचे दात कापून कापून आम्हाला ही खोड लागली आहे. मला एकच रेघ हवी होती, म्हणून मला एकच दिसली होती.

"पंचवीस एप्रिलला तिला कोणीतरी आईपासून उचलून तिथे आणलं," धाकटी म्हणाली. "आईचं दूध सुटलं असेल. अनोळखी हात, अनोळखी पाळणा. ताप नसेल आला. पण तिला काहीच झालं नसेल का?"

हे ती म्हणाली. जिला त्या दुसऱ्या आईचा विचारही नको होता, ती. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी मायक्रोस्कोपकडे वळले.

इनॅमलचे पुढचे दिवस टेकाडावर नसतात, ते दाढेच्या उतारावर खाली खाली जातात. आम्ही टेकाडावरच थांबलो होतो. मी दुसऱ्या रेघेचा हात धरून उतारावर आले आणि तिथून बाहेर निघाले. दहा दिवस, वीस, चाळीस, सगळं सारखं. साठ. पडद्यावर उजवीकडून तिसरी रेघ आत आली. पहिल्या दोन्हींहून रुंद, काळपट, आणि पाच-सहा दिवस तशीच अडखळत गेलेली. सहा दिवस रुग्णालयात होती पोर.

"मोजा," प्रोफेसरबाई म्हणाल्या. या वेळी त्यात 'कदाचित' नव्हतं.

या वेळी भिंगरीने एकही स्टूल फिरवलं नाही. आम्ही मोजलं, कागद उलटे ठेवले. दुसऱ्या रेघेपासून तिसऱ्या रेघेच्या सुरुवातीपर्यंत माझे एकाहत्तर, त्यांचे एकाहत्तर. धाकटीने नोंदवहीची नक्कल काढून बोटांवर मोजलं. पंचवीस एप्रिल ते पाच जुलै. एप्रिलचे पाच, मेचे एकतीस, जूनचे तीस, जुलैचे पाच.

"एकाहत्तर," ती म्हणाली आणि खालीच बसली.

मी आयुष्यात फार थोड्या वेळा आनंदाने ओरडले आहे. त्यातली ही एक. खालून रखवालदार धावत आला, काय झालं म्हणून. त्याला भिंगरीने हात धरून पडद्यापाशी नेलं आणि तिची दाढ दाखवली. तो बिचारा छान आहे म्हणाला आणि गेला.

आता उरला होता सोपा हिशोब. पंचवीस एप्रिलमधून अठ्ठावन्न दिवस वजा. ते लीप वर्ष नव्हतं, हे प्रोफेसरबाईंनी दोनदा तपासलं. सव्वीस फेब्रुवारी.

भिंगरीने विचारलं, "नक्की?"

प्रोफेसरबाई तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मोठ्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या. "एखादा दिवस इकडे तिकडे असू शकतो. आणि ती मधली रेघ कशाने पडली, ते दाढ सांगत नाही. किती दिवसांनी पडली तेवढंच सांगते. आई म्हणतात ते मला पटतं, कारण पुढचे एकाहत्तर जुळले."

"म्हणजे परत अंदाजेच."

"हो. पण आधीचा अंदाज कारकुनाचा होता. हा तुझ्या पेशींचा आहे. त्या तिथे होत्या."

भिंगरीने टेबलावरचं माझं पेन घेतलं, नोंदवहीच्या नकलेवरचा पंचवीस मार्च आणि त्याच्यापुढचा कंस दोन्ही खोडले आणि वर सुवाच्य अक्षरात सव्वीस फेब्रुवारी लिहिलं. सरकारी कागदावर असं खोडतात का, वगैरे मी बोलणार होते. बोलले नाही.

"आता मी घरी आले तो दिवस दाखव," ती म्हणाली.

धाकटीने पर्स उचलली होती, ती तशीच हातात राहिली. "राहू दे गं," ती म्हणाली. "मावशी दमली असेल." पण तिची नजर पडद्यावर होती, आणि तिला तो दिवस किती हवा होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पाच जुलैपासून तीन ऑक्टोबर म्हणजे नव्वद दिवस. मी तापाची रेघ ओलांडली आणि उतारावरून खाली निघाले. तापानंतर आठवडाभर रेघा जरा वेड्यावाकड्या, मग हळूहळू सुधारत गेलेल्या. पन्नास. सत्तर. ऐंशी. मी वेग कमी केला. पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. पुन्हा मागे आले. पुन्हा पुढे गेले. त्याच्यापुढे दाढेचं इनॅमल संपेपर्यंत, म्हणजे आणखी अडीच-तीन महिने पाहिले.

"इथे रेघ नाही," मी म्हणाले.

"नीट बघ," भिंगरी म्हणाली.

"नीटच बघतेय. नाही."

धाकटीने हसल्यासारखं केलं. "असू दे. कुठे सगळंच सापडतं." आणि पर्सची चेन लावायला लागली. ती लागेना.

मला गोड बोलता येत नाही हे मी आधीच सांगितलं. त्यामुळे जे होतं तेच मी बोलले.

"अगं वेडे, या पेशी बऱ्या दिवसाची रेघ मारत नाहीत. जन्माला आली तेव्हा त्या अडखळल्या. आईपासून सुटली तेव्हा अडखळल्या. तापात अडखळल्या. तुझ्याकडे आली तेव्हा नवीन घर, नवीन माणसं, नवीन दूध, सगळं पुन्हा बदललं होतं. इथे रेघ पडायलाच हवी होती. मी ती शोधतेय आणि मला सापडत नाही. त्यांचा हात हललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, शेवटपर्यंत नाही."

धाकटी पुढे आली, मला बाजूला सारलं आणि पडद्याकडे न बघता थेट मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली. मी तिला नव्वदावा दिवस समोर आणून दिला. मग ते चाक हातात दिलं आणि कसं फिरवायचं ते दाखवलं. ती एक एक दिवस पुढे जाऊ लागली.

"काहीच दिसत नाही गं ताई," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

भिंगरीने तिची बाही ओढली. "आई, आता मला बघू दे."

"थांब जरा," धाकटी म्हणाली. "मला अजून बघायचंय."